‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक दिसेपर्यंत

मी मुद्रितं, म्हणजे छपाईआधी चुका तपासायला येणारी पानं, वाचते. ती कागदावर यायची तेव्हा अक्षर नीट दिसतंय की नाही, हा प्रश्न फारसा पडत नसे. साधा लेझर प्रिंटरही इंचाला ६०० ठिपके टाकतो. आता प्रकाशकाकडून वर्डची फाइल किंवा पीडीएफ येते, पडद्यावरच वाचायची, पडद्यावरच दुरुस्त्या करायच्या आणि परत पाठवायची. माझा जुना मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८० चा. त्यात इंचाला साधारण ९२ पिक्सेल, म्हणजे पडद्याचे ठिपके. कुठे सहाशे आणि कुठे ब्याण्णव! इंग्रजी वाचणाऱ्याचं एवढ्यात निभतं. मराठीत अकरा पॉइंटाच्या मजकुरात खालच्या उकाराच्या वाट्याला जेमतेम तीन-चार पिक्सेल येतात आणि तेवढ्यावर ऱ्हस्व की दीर्घ याचा निवाडा करायचा असतो.

त्यातही ‘र’चा उकार सगळ्यात छळतो. ‘गुरुदक्षिणा’ ऱ्हस्व, एकटा ‘गुरू’ दीर्घ. र च्या पोटाला चिकटलेला तो लहानसा आकडा साधा आहे की त्याला पुढे शेपूट आहे, हे दिसलं पाहिजे. ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’चं तसंच. जोडाक्षराच्या जागी नुसता काळा गोळा दिसत असेल तर टाइप करणाऱ्याने द ला ध जोडलाय की उलटं केलंय, हे कळणार कसं? ‘बॅट’ आणि ‘बेट’ तर एका मात्रेच्या अंतरावर. दिवसभरात पन्नास-साठ वेळा कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवायचं, शब्द मोठा करून बघायचा, परत लहान करायचा. संध्याकाळी डोळ्यांच्या मागे ठणका.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नंबर बदललेला नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी विचारली, पडदा किती लांब असतो? हात लांब केला की बोट टेकेल इतका, म्हणजे साठेक सेंटिमीटर. त्या अंतरावरून धडधाकट डोळ्याला साधारण ०.१७ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखता येतो. हे नंतर मी घरी बसून मॉनिटरशी ताडून पाहिलं. माझ्या मॉनिटरचा एकेक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा होता. म्हणजे डोळा बघू शकत होता त्याहून पडदाच जाडाभरडा होता.

नवा मॉनिटर घेतला, २७ इंची, ३८४० बाय २१६० चा, ज्याला सगळे फोर के म्हणतात. इंचाला १६३ पिक्सेल आणि पिक्सेल ०.१६ मिलिमीटरचा. कागदावर हिशेब चोख बसत होता. दुकानातला मुलगा घरी येऊन जोडून गेला. चालू केल्यावर अक्षरं इतकी बारीक की मेन्यूही वाचेना. त्याने दोन क्लिक केले आणि म्हणाला, “बघा काकू, आता कसं मोठं दिसतंय!” मोठं दिसत होतं खरं. पण कडा पिसारल्यासारख्या, आणि ‘रु’चं कोडं होतं तिथेच.

रात्री बंगळुरूच्या भाच्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने पडदा दाखवायला सांगितला आणि हसायलाच लागला.

“मावशी, त्याने रिझोल्यूशन उतरवून १०८० वर आणलंय. तू फोर केचे पैसे भरलेस आणि वापरतेयस जुनाच मॉनिटर, तोही ताणून.”

रिझोल्यूशन म्हणजे आडवे-उभे किती पिक्सेल वापरायचे तो आकडा. एलसीडी पडद्यावर पिक्सेल कायमचे जागच्या जागी बसवलेले असतात. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला कुठलंही रिझोल्यूशन दिलं तरी तो बऱ्यापैकी सांभाळून घ्यायचा, एलसीडीला तसं जमत नाही. त्याच्या मूळ संख्येपेक्षा कमी दिलं की मधले पिक्सेल तो अंदाजाने भरतो. माझा युक्तिवाद असा होता की १०८० ची बरोबर दुप्पट २१६०, मग एका पिक्सेलचे चार झाले की पुरे, धुरकट व्हायचं कारणच काय? भाच्याचं म्हणणं, गणित बरोबर आहे, पण बरेच मॉनिटर असे सरळ चार करत नाहीत. शेजारच्या पिक्सेलांच्या रंगांची सरासरी काढून मधल्या जागा भरतात, त्यामुळे दुपटीतही कडा मऊ पडतात. मी ऑफसेटच्या प्लेटा तपासायचं भिंग काढून पडद्याला लावलं. ‘क’च्या उभ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना फिकट करड्या पिक्सेलांची झालर स्पष्ट दिसली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे रिझोल्यूशन पुन्हा ३८४० बाय २१६० वर नेणं, आणि नंतर त्याला हात न लावणं. अक्षर मोठं करायचं ते ‘स्केल’ने. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, त्यात ‘स्केल’. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिझोल्यूशन कमी केलं की तयार चित्र ताणलं जातं, स्केल वाढवलं की फॉन्ट मुळातच मोठ्या मापात नव्याने रेखला जातो आणि त्याला जास्त पिक्सेल मिळतात.

विंडोजच्या हिशेबात १०० टक्के स्केल म्हणजे इंचाला ९६ ठिपके. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशने ७२ धरले होते, कारण इंचाला ७२ पॉइंट. एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट, पानजुळणी करणाऱ्याला सोयीचं. विंडोजने ९६ धरले, त्यामुळे १२ पॉइंटाचं अक्षर १६ पिक्सेलांचं झालं. पण पडद्यावर खरोखर इंचाला १६३ पिक्सेल असताना हेच १६ पिक्सेल अडीच मिलिमीटरात मावतात, आणि छापील १२ पॉइंट म्हणजे ४.२ मिलिमीटर. दुकानातल्या मुलाला अक्षरं बारीक का दिसली, त्याचं उत्तर हे.

मग स्केल किती ठेवायचं? विंडोजने १५० सुचवलं. मला सुचवणीपेक्षा पट्टीवर जास्त भरवसा. वर्डमध्ये ए-फोरचं कोरं पान १०० टक्के झूमवर उघडलं आणि खरा ए-फोर कागद पडद्याला टेकवून धरला. कागद २१ सेंटिमीटर रुंद. १५० टक्क्यांवर पडद्यावरचं पान साडेअठराच्या आसपास भरलं, १७५ वर साडेएकवीसच्या पुढे. अगदी तंतोतंत हवं असेल तर १६३ भागिले ९६, म्हणजे १७० टक्के. हा आकडा ‘कस्टम स्केलिंग’मध्ये स्वतः टाइप करता येतो, पण मग साइन आउट करून परत यावं लागतं आणि तोच आकडा जोडलेल्या सगळ्या पडद्यांना लागू होतो. माझा लॅपटॉप शेजारी जोडलेला असतो, त्यावर १७० म्हणजे चार ओळींत पडदा भरला. म्हणून १७५ ठेवलं आणि वर्डचं झूम ९७ केलं. कागद आणि पान काठोकाठ जुळले. ज्याला छापील आकाराशी देणं-घेणं नाही, त्याने १५० वर समाधान मानायला हरकत नाही.

अॅक्सेसिबिलिटीत ‘टेक्स्ट साइझ’ नावाची वेगळी पट्टी आहे, ती फक्त मजकूर १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवते. ती मी वापरून सोडून दिली. बटणांची आणि मेन्यूंची उंची बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली असते. मजकूर तेवढा फुगवला की मराठी फाइलनावांचे खालचे उकार कापले जातात.

इथपर्यंत सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटलं, पण माउसचा बाण अडखळत चालायचा. ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलत होतं. जुन्या मॉनिटरचीच केबल लावलेली होती, आणि जुन्या एचडीएमआय १.४ या जोडणीची झेप फोर केला पूर्ण रंगांसह ३० हर्ट्झपर्यंतच आहे. तिथेच ६० निवडलं. बाण पळायला लागला, पण आता वर्डमधल्या माझ्या लाल दुरुस्त्या, म्हणजे ट्रॅक चेंजेसचा मजकूर, टीपकागदावर शाई फुटावी तसा पसरलेला दिसायला लागला. काळा मजकूर ठीक, लाल तेवढा बिघडलेला. हे कोडं भाच्यालाही लगेच सुटलं नाही. त्याच पानावर ‘कलर फॉरमॅट’ अशी एक ओळ असते. तिथे आरजीबी, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा तिन्ही रंग पूर्ण, असायला हवं, त्याऐवजी वायसीबीसीआर ४२० लिहिलेलं होतं. केबलीतून तेवढी माहिती मावत नाही म्हणून रंगांचा तपशील पाव करून पाठवायची ही युक्ती. उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा स्वतंत्र जातो, रंग मात्र आडवे-उभे दोन-दोन असे चार पिक्सेल मिळून एकच. सिनेमा बघताना हे कळतही नाही. पांढऱ्यावर लाल बारीक अक्षर वाचणाऱ्याला ताबडतोब कळतं. कम्प्युटरच्या मागे डिस्प्लेपोर्टचं भोक रिकामंच होतं. त्याची केबल आणून लावली, ६० हर्ट्झ आणि आरजीबी दोन्ही मिळालं, लाल उकार जागेवर आले.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत ‘शार्पनेस’ असतो, तोही पाहून घ्यावा. माझा बराच वर ठेवलेला आला होता, त्यामुळे करड्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षराभोवती पांढरी कड उमटत होती. हळूहळू खाली आणला आणि कड गेली तिथे थांबले.

आता ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो, क्लिअरटाइप. मायक्रोसॉफ्टने पडद्यावरची अक्षरं रेखीव करायचं हे तंत्र १९९८ साली जाहीर केलं, २००१ च्या विंडोज एक्सपीत ते होतं पण आपण चालू करावं लागायचं, पुढच्या विंडोज व्हिस्टापासून आपोआप चालू. कल्पना मोठी हुशारीची. प्रत्येक पिक्सेल हा लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्यांचा बनलेला असतो. भिंग लावलं की त्या सरळ दिसतात. त्या पट्ट्या वेगवेगळ्या उजळवल्या तर आडव्या दिशेत तिप्पट बारकावा मिळतो. आडव्या दिशेत, हे ध्यानात ठेवायचं. उभ्या दिशेत काहीच मिळत नाही.

रोमन लिपीत बहुतेक ओळख उभ्या दांड्यांच्या जागेवरून होते. आय, एल, एम, एन यांत दांडे किती आणि किती अंतरावर, एवढंच बघायचं. आपल्याकडे भानगड खाली-वर रचलेली असते. वर रफार, त्यावर वेलांटी, त्यावर अनुस्वार, मध्ये शिरोरेषा, खाली उकार किंवा ऋकार. ‘मूर्तींना’ हा शब्द बघा, मजल्यावर मजले. म्हणजे ज्या दिशेत आपल्याला पिक्सेल हवेत त्याच दिशेत क्लिअरटाइप हात आखडता घेतो. जुन्या पद्धतीने अक्षरं काढणारी सॉफ्टवेअर उभ्या दिशेत कडा गुळगुळीतही करत नाहीत, त्यामुळे शिरोरेषा धारदार पण वेलांटीचं वळण पायऱ्या-पायऱ्यांचं. विंडोज ७ बरोबर आलेल्या डायरेक्टराइट या नव्या पद्धतीत ती वळणं गुळगुळीत होतात. पण तिथे कमी पिक्सेलांच्या मॉनिटरवर शिरोरेषा दोन ओळींच्या सीमेवर पडली की एक ओळ काळी, एक करडी, आणि सगळा शब्द विटलेला. माझ्या २४ इंचीचं दुखणं बरंचसं हेच होतं. नव्या पडद्यावर शिरोरेषेला दोन-तीन पिक्सेल मिळतात, मग एक करडा झाला तरी फरक पडत नाही.

क्लिअरटाइप जुळवून घेण्याचा विझार्ड, म्हणजे पायरीपायरीने विचारत नेणारी सोय, आहे. स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ टाइप केलं की सापडतो. आधी तो मॉनिटर मूळ रिझोल्यूशनवर आहे का बघतो आणि मग पाच पानांवर मजकुराचे नमुने दाखवून विचारतो, यातला कुठला बरा दिसतो? सगळे नमुने रोमन लिपीत. इंग्रजी टायपिंगच्या सरावाच्या वाक्यातला तोच आळशी कुत्रा आणि चपळ कोल्हा. त्यांवरून माझ्या उकारांचं भवितव्य ठरवायला मी तयार नव्हते. म्हणून एक निरर्थक पण सगळ्या अडचणी पोटात घेणारं वाक्य रचलं:

‘धर्मभ्रष्ट ऋषी घाटावर पुन्हा रुष्ट झाले, बुद्धिमान विद्वानांनी गुरूंच्या कृपेने षट्कोनी घुमट धुऊन मूर्तींना बॅट दिली.’

यात घ-ध आहेत, ष-प आहेत, भ-म आहेत, द्ध-द्व आहेत, रु-रू आणि कृ-घु आहेत. हे वाक्य नऊ, दहा, अकरा, बारा पॉइंटात लिहून फाइल बाजूला उघडी ठेवली. विझार्ड एकदा एका निवडीने पुरा करायचा, फाइल बंद करून उघडायची, वाचायची. पुन्हा वेगळ्या निवडीने. इंग्रजीत जो नमुना सर्वांत ठसठशीत दिसतो तो मराठीत जोडाक्षरांची पोटं बुजवतो, हे लवकरच कळलं. ‘द्ध’च्या आतली पांढरी जागा शिल्लक राहील असा किंचित फिका पर्याय मी घेतला.

आणि हे सगळं करून वर्डमध्ये काहीच बदललं नाही! ब्राउझरमध्ये फरक दिसत होता, वर्ड ढिम्म. शोधल्यावर कळलं की वर्ड २०१३ पासून क्लिअरटाइपच्या रंगीत पट्ट्या वापरतच नाही, नुसत्या करड्या छटांनी कडा मऊ करतं. तिथे उपाय एकच, जास्त पिक्सेल. ते तर आता होतेच. पीडीएफ वाचायच्या अक्रोबॅट रीडरचा कारभार आणखी निराळा, त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘पेज डिस्प्ले’खाली ‘स्मूद टेक्स्ट’ला स्वतःचे पर्याय आहेत. इंचाला किती पिक्सेल धरायचे तो आकडा घालायची सोयही तिथेच आहे. पट्टी लावून तो जुळवून घेतला, तेव्हापासून पीडीएफ १०० टक्क्यांवर छापील मापातच उघडतं.

फॉन्टचंही थोडं. विंडोज २००० च्या काळापासून मराठी म्हटलं की मंगल. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो जाडजूड पिक्सेलांच्या जमान्यासाठी केला आणि त्या जमान्यात तो खूप कामी आला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला, छोट्या आकारात मला तो अधिक मोकळा वाटतो. पण मुद्रितं वाचताना मी एक तोडगा काढलाय. फाइलची प्रत करायची, सगळा मजकूर मुक्त या फॉन्टमध्ये बारा पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट, आणि पहिलं वाचन त्यातच. एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात जोडाक्षरांची पोटं उघडी राहतात. मांडणी बघायची वेळ आली की मूळ फाइल. फॉन्ट बदलला की सवयीचा शब्द अनोळखी दिसतो आणि चूक पटकन डोळ्यात भरते, हा वरचा फायदा.

एका प्रकाशकाची पानं अजूनही पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लागतात, ती उघडली आणि सगळं मुसळ केरात. अशा सॉफ्टवेअरला ९६ शिवाय दुसरा आकडा ठाऊक नसतो. विंडोज त्याला त्या मापात चित्र काढू देतं आणि मग ते चित्र पावणेदोनपट ताणतं, म्हणजे दुकानातल्या मुलाने केलं होतं तेच, फक्त एका खिडकीपुरतं. त्याच्या आयकॉनवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ आणि सगळ्यात खाली तीन पर्याय. ‘अॅप्लिकेशन’ निवडलं की अक्षर लखलखीत, पण टूलबॉक्स नखाएवढा. ‘सिस्टिम’ म्हणजे ताणलेलं चित्र. ‘सिस्टिम एन्हान्स्ड’मध्ये मेन्यू वाचता येतील इतके मोठे आणि मजकूरही बराच स्वच्छ, पण ओढून आणलेल्या चित्रांच्या चौकटी मध्येच सरकतात. मी ‘अॅप्लिकेशन’वर ठेवलंय. टूलबॉक्समधली अवजारं कुठे आहेत ते हाताला पाठ आहे.

शेवटी भाच्याने सुचवलं, “मावशी, पडदा उभा करून बघ ना.” स्टँडला फिरायची सोय होती. डिस्प्लेमध्ये ‘ओरिएंटेशन’ बदललं आणि मॉनिटर खरंच साठ सेंटिमीटर उंच, साडेतेहेतीस रुंद झाला. फिरवल्यावर त्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या आडव्या होतात, पण क्लिअरटाइप त्या उभ्याच आहेत असं धरून चालतो. भिंगातून मोठ्या मथळ्यांच्या वर-खाली रंगाची किनार दिसली. नुसत्या डोळ्यांना या पिक्सेलांत ती जाणवत नाही, तरी अक्रोबॅटमध्ये ‘स्मूद टेक्स्ट’ करड्या छटांच्या ‘फॉर मॉनिटर’वर टाकलं. वर्ड मुळातच करडं. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराची समोरासमोरची दोन पानं खऱ्या मापात निम्म्या पडद्यात बसतात. ती वर ठेवली तेव्हा तासाभरात मान दुखायला लागली, कारण माझ्या चष्म्यात वाचायचा नंबर खालच्या भागात आहे आणि वरचं वाचायला हनुवटी उचलावी लागते. म्हणून आता पानं खालच्या अर्ध्यात असतात आणि शब्दकोश वरच्या.